समोर उभें कोणीं राहावें?

निवडणुकीचा विषय निघाला म्हणजे घरोघर जी चर्चा होते ती बहुधा उभ्या राहिलेल्या उमेदवारांपैकीं बरा कोण, एवढ्यापुरतीच असते. त्याच्या आधींची एक पायरी असते, ती फारशी कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. एखादा सभासद बारा-पंधरा वर्षें एकाच जागेवर बसलेला आहे. माणूस वाईट नाहीं, लांचखाऊ नाहीं, समारंभांत दोन शब्द बरे बोलतो. परंतु नव्या काळानें जे प्रश्न दाराशीं आणून उभे केले आहेत त्यांकडे तो मान वळवून पाहात नाहीं. अशा सभासदासमोर उभें कोणीं राहावें, हा तो प्रश्न होय. देशाच्या निवडणुकींत हें काम पक्ष करतात. शहराच्या कारभारांत, विशेषतः जेथें पक्षाच्या नांवावर निवडणूक होतच नाहीं तेथें, असा माणूस शोधण्याचें काम चार खटपट्या मंडळींच्या गळ्यांत पडतें. ही मंडळी बहुधा एकाच ठिकाणीं चुकते : ती नांव शोधूं लागते. लौकिक असलेला, पैसा उभा करूं शकणारा, कोणास न दुखविणारा गृहस्थ तिला हवा असतो. आणि असा गृहस्थ सांपडला कीं तो आधींच बसलेल्या सभासदाचा जुळा भाऊ निघतो.

अमेरिकेच्या वायव्य टोकास सिॲटल म्हणून शहर आहे. तेथील २०१३ सालापासूनचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. तें उदाहरण घेण्यास दुसरेंही एक कारण आहे. त्या सालीं तेथील सोळा वर्षांचा जुना सभासद ज्यांनीं पाडला त्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा, बालपण मुंबईचें व पदवीही मुंबई विद्यापीठाची. आडनांव विवाहानें आलेलें. मूळ घराणें तमिळ ब्राह्मणाचें. एवढ्या नात्यावर त्यांस ‘आपल्या’ म्हणून मिरविण्याचा मोह वर्तमानपत्रांस होतो तसा मला होत नाहीं. परंतु ज्या घरांतून आपलीं मुलें-मुली तिकडे संगणकाच्या उद्योगांत गेलीं आहेत त्या घरांस या गोष्टींत रस वाटावा, हें साहजिक आहे.

प्रथम त्या शहराची घटना थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण माणूस कसा सांपडतो हें पुष्कळसें घटनेवर अवलंबून असतें. २०२० च्या खानेसुमारींत सिॲटलची वस्ती सुमारें सात लक्ष सदतीस हजार होती. शहराच्या कौन्सिलांत नऊ सभासद असून त्यांची मुदत सामान्यतः चार वर्षांची आहे. मतपत्रिकेवर पक्षाचें नांव नसतें. ऑगस्टांत पहिली फेरी होते, तींत कितीही उमेदवार असोत, पहिले दोन तेवढे नोव्हेंबरच्या अखेरच्या फेरींत जातात. मतपत्रिका घरीं टपालानें येते व शेवटच्या दिवसाचा टपालाचा शिक्का असला म्हणजे ती ग्राह्य धरतात. म्हणून मोजणी एका रात्रींत संपत नाहीं, कित्येक दिवस चालते. ही बारीकशी बाब पुढें किती महत्त्वाची ठरली तें वाचकांस दिसेलच.

त्याहूनही मोठी बाब ही, कीं १९१० पासून या शहरांत वॉर्डच नव्हते. नऊही सभासद साऱ्या शहरानें निवडावयाचे. वॉर्डांतल्या दादागिरीस आळा बसावा हा या व्यवस्थेचा हेतु. परंतु फळ असें कीं, उमेदवारास सातही लक्षांच्या वस्तीपर्यंत पोंचावें लागे, आणि पायीं चालून सात लक्षांपर्यंत कोण पोंचणार? पैसा तरी हवा, नाहीं तर वर्तमानपत्रांत रोज छापून येणारें नांव तरी हवें. आपल्याकडे २०१७ सालीं पुण्यास चार-चार सभासदांचे मोठे प्रभाग केले, तेव्हां एकट्यादुकट्या होतकरू माणसाची जी अडचण झाली तीच अडचण येथें शतपट समजावी.

आतां ज्यांच्या समोर उभें राहावयाचें होतें त्यांजविषयीं. रिचर्ड कॉन्लिन हे १९९७ सालीं निवडून आले, १९९८ पासून कौन्सिलांत बसले व २००८ ते २०११ अध्यक्ष होते. हवापाणी, झाडें, शहराच्या आसपासची शेती या विषयांत त्यांस खरी आस्था होती. ते स्वतःला पुरोगामीच म्हणवीत, आणि तें खोटें नव्हे. येथें एक शब्दाचा घोटाळा उलगडला पाहिजे. आपल्याकडे एके काळीं ‘प्रागतिक’ या नांवाचा पक्ष होता व तो सर्वांत सौम्य मंडळींचा होता. तेव्हां शब्दाच्या व्युत्पत्तीवरून माणसाची परीक्षा करण्यांत अर्थ नाहीं. सिॲटलसारख्या शहरांत, जेथें बहुसंख्य लोक डेमोक्रॅटिक पक्षाचे, तेथें पुरोगामी कोण नाहीं? सगळेच आहेत. म्हणून ‘पुरोगामी उमेदवार हवा’ एवढें म्हणून शोध लागत नाहीं. कोणत्या प्रश्नावर, कोणाच्या पुढें गेलेला, हें सांगावें लागतें.

तो प्रश्न सांपडला. २०११ सालीं कौन्सिलनें नोकरांस आजारपणाची पगारी रजा देण्याचा ठराव केला. हॉटेलांत भांडीं घासणाऱ्या, दुकानांत माल लावणाऱ्या माणसास ताप आला तर त्या दिवसाची मजुरी बुडूं नये, एवढीच गोष्ट. ठराव आठ विरुद्ध एक असा मंजूर झाला, आणि तें एक मत कॉन्लिन यांचें होतें. सोळा वर्षांच्या एखाद्या कारकीर्दीचें मोजमाप एका मतानें करावें काय, असें कोणी विचारील. मी म्हणतों, सभासदाचें काम मत देणें हेंच असल्यामुळें दुसरें मोजमाप आणावयाचें कोठून? भाषणांचा संग्रह कोणीही सुंदर करतो.

सावंतबाई यांची तयारी निराळ्या प्रकारची होती. मुंबईस संगणकशास्त्र शिकून त्या अमेरिकेस गेल्या, तेथें तें सोडून अर्थशास्त्राकडे वळल्या, व उत्तर कॅरोलायना राज्याच्या एका विद्यापीठाची डॉक्टरेट २००३ सालीं मिळविली. पुढें सिॲटलला येऊन एका सरकारी महाविद्यालयांत त्या अर्थशास्त्र शिकवूं लागल्या. ‘सोशॅलिस्ट ऑल्टर्नेटिव्ह’ नांवाच्या एका लहानशा समाजवादी संघटनेच्या त्या सभासद होत्या. या संघटनेनें त्यांस प्रथम उभें केलें तें शहरासाठीं नव्हेच. २०१२ सालीं राज्याच्या कायदेमंडळासाठीं, आणि तेंही खुद्द तेथील सभापति फ्रँक चॉप यांच्याविरुद्ध! शास्त्रकारांचा प्रधानमल्लनिबर्हणन्याय प्रसिद्ध आहे : आखाड्यांतल्या मुख्य मल्लास चीत केलें म्हणजे बाकीचे आपोआप हरल्यासारखे होतात. येथें मल्ल चीत झाला नाहीं. सावंतबाईंस शेंकडा एकोणतीसच्या आसपास मतें मिळाली व त्या सपाटून हरल्या. परंतु ज्यांचें नांव वर्षभरापूर्वीं कोणास ठाऊक नव्हतें अशा, उघड ‘समाजवादी’ म्हणविणाऱ्या परदेशजात बाईस शंभरांतले एकोणतीस लोक मत देतात, हें त्या हारीनें कळलें. दुसरा कोणताही शोध इतकी नेमकी माहिती देऊं शकला नसता.

२०१३ सालीं त्यांनीं कॉन्लिन यांची जागा धरली व एक आंकडा हातीं घेतला : तासास पंधरा डॉलर. त्या वेळीं वॉशिंग्टन राज्यांतील किमान मजुरी तासास नऊ डॉलर एकोणीस सेंट होती. पंधराचा आंकडा बाईंनीं शोधून काढलेला नव्हे. २०१२ च्या नोव्हेंबरांत न्यू यॉर्कच्या खाद्यगृहांतल्या मजुरांनीं संप केला तेव्हां तो पुढें आला, आणि मे २०१३ मध्यें सिॲटलच्या मजुरांनीं तसाच संप केला. म्हणजे मागणी आधीं रस्त्यावर होती. तिला कौन्सिलच्या दिवाणखान्यांत नेणारें माणूस तेवढें हवें होतें. उमेदवार कसा असावा याविषयीं पुष्कळ सूक्ष्म चर्चा वाचावयास मिळतात, पण माझ्या मतें सर्व मर्म येथें आहे. ज्यास प्रश्न विचारल्यावर एका आंकड्यांत उत्तर देतां येतें, त्याचें नांव लोकांस पाठ होण्यास वेळ लागत नाहीं.

ऑगस्टच्या फेरींत त्यांस शेंकडा पस्तीसच्या सुमारास मतें पडलीं. ५ नोव्हेंबरच्या रात्रीं पहिली मोजणी जाहीर झाली तेव्हां कॉन्लिन शेंकडा आठांच्या अंतरानें पुढें होते. कांहींनीं त्यांचें अभिनंदनही केलें असेल. पण टपालाच्या पेट्या उघडत गेल्या तसतसें तें अंतर वितळूं लागलें. कारण मत शेवटच्या दिवसापर्यंत लांबणीवर टाकणारे लोक बहुधा तरुण व भाड्याच्या घरांत राहणारे, आणि तेच बाईंचे पाठीराखे. दहा दिवसांनीं कॉन्लिन यांनीं हार कबूल केली. अखेरचा हिशेब सावंत ९३,६८२ व कॉन्लिन ९०,५३१ असा झाला. त्याच महिन्यांत शेजारच्या सीटॅक या विमानतळाच्या गांवीं पंधरा डॉलरचा ठराव थेट लोकमतानें मंजूर झाला, तो सत्याहत्तर मतांनीं. सत्याहत्तर म्हणजे आमच्या शाळेच्या एका भरगच्च वर्गांतलीं मुलें!

सिॲटलचा मजुरीचा ठराव २ जून २०१४ रोजीं झाला, आणि विशेष हें कीं तो नऊ विरुद्ध शून्य असा झाला. जे आठ सभासद वर्षापूर्वीं या विषयाचें नांव काढीत नव्हते त्यांनींही हात वर केला. मोठ्या मालकांनीं तीन-चार वर्षांत व लहानांनीं सात वर्षांत पंधरापर्यंत पोंचावें, असें टप्प्यांचें वेळापत्रक नवे महापौर एड मरे यांच्या समितीनें ठरविलें होतें. १ एप्रिल २०१५ पासून पहिला टप्पा सुरू झाला. सावंतबाईंस हे टप्पे पसंत नव्हते, त्या चिडल्या, पण मत अनुकूलच दिलें. या मजुरीचा परिणाम काय झाला यावर २०१७ सालीं दोन विद्यापीठांत वाद जुंपला : तेथल्याच विद्यापीठाच्या पंडितांनीं म्हटलें, दर वाढला पण कामाचे तास कमी झाले, बर्कलेच्या पंडितांनीं म्हटलें, खाद्यगृहांत मजुरी वाढली व नोकऱ्या घटल्या नाहींत. वाद कांहीं असो, मागें कोणी गेलें नाहीं. २०२५ सालीं सिॲटलची किमान मजुरी तासास वीस डॉलर शहात्तर सेंटपर्यंत चढली होती. त्याच सालीं देशाच्या कायद्यांतला आंकडा २००९ सालच्या सव्वासात डॉलरवरच होता.

बाईंनीं स्वतःच्या पगारांतले वर्षाचे चाळीस हजार डॉलर ठेवून बाकीची रक्कम चळवळींच्या निधीस देण्याचें वचन दिलें होतें. सभासदाचा पगार लाखाच्या वर असल्यामुळें ही रक्कम लहान नव्हती.

दरम्यान घटनाही बदलली. ज्या नोव्हेंबरांत सावंतबाई निवडून आल्या त्याच नोव्हेंबरांत लोकांनीं शहराचे सात विभाग करण्याचें ठरविलें; सात सभासद विभागांतून व दोन साऱ्या शहरांतून, ही व्यवस्था २०१५ पासून सुरू झाली. एका विभागांत सुमारें एक लक्ष वस्ती. एवढ्या वस्तींत चिकाटीचा माणूस पायीं फिरूं शकतो. दुसरा बदल याहून नवलाचा. २०१५ च्या लोकमतानें शहरानें असें ठरविलें कीं, प्रत्येक मतदारास पंचवीस-पंचवीस डॉलरच्या चार चिठ्ठ्या सरकारांतून मिळाव्या, व त्या त्यानें आपल्या आवडत्या उमेदवारास द्याव्या. उमेदवार त्या वटवून प्रचाराचा खर्च भागवितो. मात्र त्यानें आधीं ठराविक संख्येच्या लोकांकडून लहान वर्गण्या जमवून दाखवाव्या व खर्चाची मर्यादा मान्य करावी लागते. २०१७ सालीं या चिठ्ठ्या प्रथम वापरांत आल्या. ज्या म्हातारीच्या गांठीस देणगी देण्यापुरता पैसा कधींच नसतो, तिच्याही दाराशीं आतां उमेदवारास जावें लागतें. मला ही कल्पना मनापासून आवडली. तिच्यासाठीं घरपट्टीसारखा कर द्यावा लागतो, पण २०२५ च्या ऑगस्टांत त्याच मतदारांनीं तो कर पुन्हां मंजूर केला.

या कथेचा दुसरा भाग पहिल्याइतकाच मनोरंजक आहे. समोर उभें कोणीं राहावें, हा प्रश्न आतां दुसरी बाजू विचारूं लागली. कारण बसलेल्या सभासद आतां सावंतबाई होत्या. २०१५ सालीं त्यांच्यासमोर पामेला बँक्स उभ्या राहिल्या. शहरांतल्या कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या मान्यवर संस्थेच्या त्या प्रमुख होत्या. नांव होतें, प्रतिष्ठा होती, पण पंधरा डॉलरला तोड असा आंकडा नव्हता. त्या हरल्या. २०१९ सालीं ॲमेझॉन कंपनी मैदानांत उतरली. तीस कारणही होतें. २०१८ च्या मे महिन्यांत कौन्सिलनें बेघरांच्या सोयीसाठीं मोठ्या कंपन्यांवर दर नोकरामागें दोनशें पंचाहत्तर डॉलर कर एकमतानें बसविला, आणि कंपन्यांनीं डोळे वटारतांच महिन्याभराच्या आंत सात विरुद्ध दोन मतांनीं रद्द केला. रद्द करण्यास विरोध करणाऱ्या दोहोंपैकीं एक सावंतबाई. एवढ्या झटपट घूमजावानें, कौन्सिल दाबलें तर वांकतें, असा धडा कंपनीनें घेतला असल्यास नवल नाहीं. तिनें व्यापाऱ्यांच्या निवडणूक-फंडांत पंधरा लक्ष डॉलर ओतले. शहराच्या निवडणुकींत इतका पैसा एका कंपनीनें ओतल्याचें पाहून जे लोक बाईंवर रुसले होते तेही परत फिरले. सात विभागांत त्या फंडानें पाठीशीं घातलेल्या उमेदवारांपैकीं दोनच आले. सावंतबाई पहिल्या रात्रीं पुन्हां मागें होत्या, व पुन्हां टपालानें वर आल्या.

मग तिसरी युक्ति : समोर माणूसच उभा करावयाचा नाहीं, नुसतें बसलेल्यास उठवावयाचें. त्या राज्यांत सभासदास मुदतीच्या आंत परत बोलाविण्याचा अधिकार लोकांस आहे. शहराचा पैसा एका ठरावाच्या प्रचारास लावला, २०२० च्या आंदोलनांत रात्रीं शहर-सभागृहाचें दार निदर्शकांस उघडून दिलें, महापौरांच्या घरावर मोर्चा नेला, असे आरोप होते. पहिल्या आरोपाबद्दल बाईंनीं दंडही भरला होता, तेव्हां सगळेंच कुभांड होतें असें म्हणतां येत नाहीं. ७ डिसेंबर २०२१ रोजीं मतें घेतलीं. सुमारें एकेचाळीस हजारांत त्या ३१० मतांनीं वांचल्या. या शहरांत असा प्रसंग पूर्वींही झाला होता. १९१६ सालीं ॲना लुईस स्ट्राँग ही समाजवादी बाई तेथल्या शाळामंडळावर निवडून आली होती, व पहिल्या महायुद्धाच्या तापलेल्या वातावरणांत १९१८ सालीं तिला लोकांनीं परत बोलाविलें होतें. स्ट्राँगबाई पुढें रशिया व चीन फिरल्या आणि १९७० सालीं पेकिंग येथें वारल्या. शंभर वर्षांनीं त्याच शहरांत त्याच हत्यारानें दुसऱ्या समाजवादी बाईवर वार झाला, आणि तो चुकला.

सावंतबाईंच्या स्वभावाविषयीं दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. सहकाऱ्यांशीं जुळवून घेणें त्यांच्या रक्तांत नव्हतें. जे शेंकडा नव्वद बाबतींत त्यांच्याशीं सहमत, त्यांच्यावरही त्या उरलेल्या दहांसाठीं सभेंत तुटून पडत. नऊ जणांच्या मंडळांत पांच मतें जमवावयाचीं असतात. तीं ओरडून जमत नाहींत, असें त्यांचे पुष्कळ हितचिंतकही म्हणत. हें मला पटतें. परंतु ज्यास जुळवून घेणें साधतें तो बहुधा आव्हान देण्यास उभाच राहात नाहीं, ही दुसरी बाजूही डोळ्याआड करतां येत नाहीं.

आतां जो भाग आपल्या घरांस सर्वांत जवळचा आहे तो. २१ फेब्रुवारी २०२३ रोजीं सावंतबाईंच्या ठरावावरून सिॲटलनें नोकरी, घर व सार्वजनिक जागा यांत जातीवरून भेदभाव करण्यास बंदी केली. अमेरिकेंत असा कायदा करणारें तें पहिलें शहर. ठराव सहा विरुद्ध एक असा मंजूर झाला. तिकडच्या कांहीं हिंदु संस्थांनीं याला कडाडून विरोध केला. एकाच समाजाकडे यानें बोट दाखविलें जातें, असें त्यांचें म्हणणें. दलित मंडळींनीं सभागृहांत येऊन आपले अनुभव सांगितले. मीं दोन्ही बाजूंचीं म्हणणीं वाचलीं. कायद्यांत जातीची जी व्याख्या आहे तींत कोणत्याही धर्माचें नांव नाहीं : जन्मानें चिकटलेला दर्जा, आपसांतच विवाह, आणि रूढीनें, कायद्यानें वा धर्मानें मान्य केलेले सामाजिक अडसर, एवढेंच तींत सांगितलें आहे. ती व्याख्या वाचून ती आपल्याच अंगास लागते असें जर आम्हांस वाटलें, तर दोष व्याख्येचा नव्हे. आमचे चिरंजीव तिकडे कचेरींत बसल्यावर शेजारच्या टेबलावरील देशबंधूस आडनांव विचारून पुढें ‘मूळ गांव कोणतें’ असें जेव्हां विचारतात, तेव्हां त्या दुसऱ्या प्रश्नाचा हेतु विचारणारास ठाऊक असतो व उत्तर देणारासही ठाऊक असतो. पुढें कॅलिफोर्निया राज्यांत असेंच विधेयक कायदेमंडळानें मंजूर केलें, पण राज्यपालांनीं ऑक्टोबर २०२३ मध्यें तें फेटाळलें. सिॲटलचा कायदा मात्र झाला, आणि तो करणाऱ्या बाई जन्मानें ज्या जातीच्या, ती जात लक्षांत घेतां त्याचें वजन मला अधिक वाटतें.

ठरावाविरुद्ध पडलेलें एक मत सॅरा नेल्सन या बाईंचें होतें. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

सावंतबाईंनीं जानेवारी २०२३ मध्येंच पुन्हां उभें न राहण्याचें जाहीर केलें होतें. त्या वर्षाच्या निवडणुकींत वारें फिरलें. गुन्हे, रस्त्यांवरच्या राहुट्या, पोलिसांची अपुरी संख्या यांनीं लोक कंटाळले होते. नेमस्त मंडळी बहुमतानें आली व नेल्सनबाई कौन्सिलच्या अध्यक्ष झाल्या. शोध पुन्हां पहिल्यापासून सुरू झाला, आणि या वेळीं शोधणाऱ्यांस संधि दिली ती विरुद्ध पक्षाच्या घाईनें. एक जागा रिकामी झाली, तेव्हां जानेवारी २०२४ मध्यें कौन्सिलनें तान्या वू यांस नेमलें. वूबाई दोनच महिन्यांपूर्वीं आपल्या विभागांत मतदारांकडून पराभूत झाल्या होत्या! मतदारांनीं ज्यांस नुकतेंच नाकारलें त्यांसच मागच्या दारानें बसविलें, हें पुष्कळांस रुचलें नाहीं. त्याच सालच्या नोव्हेंबरांत त्या जागेसाठीं मतें घ्यावयाचीं होतीं, आणि तें साल राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचें असल्यामुळें, जे तरुण एरवीं शहराच्या निवडणुकीकडे फिरकत नाहींत तेही मत देणार, हें शोधणाऱ्यांनीं ओळखलें. बेघरांच्या प्रश्नावर काम केलेल्या ॲलेक्सिस मर्सिडीस रिंक या तरुण बाई उभ्या राहिल्या व मोठ्या फरकानें निवडून आल्या. रिंकबाईंची रीत शांत; वादविवादांत त्या आवाज चढवीत नाहींत. २०२५ सालीं त्या पुन्हां सहज निवडून आल्या.

त्या २०२५ सालची हकीकत सांगून हा लेख पुरा करतों. शहरानें स्वतः घरें बांधून तीं माफक भाड्यानें द्यावीं यासाठीं एक मंडळ लोकमतानें २०२३ सालीं स्थापिलें होतें. त्यास पैसा कोठून आणावा हा प्रश्न फेब्रुवारी २०२५ मध्यें मतदारांपुढें आला. ज्या नोकरांचा पगार वर्षास दहा लक्ष डॉलरांहून अधिक, त्यांच्या वरच्या रकमेवर मालकांनीं शेंकडा पांच कर द्यावा, ही सूचना. कौन्सिलनें तिच्या शेजारीं दुसरी मवाळ सूचना ठेवली, व महापौर ब्रूस हॅरेल यांनीं पहिलीविरुद्ध आपलें नांव वापरूं दिलें. मतदारांनीं पहिलीच सूचना मोठ्या बहुमतानें उचलली. तोंवर हॅरेल यांच्यासमोर कोणी वजनदार माणूस उभाच नव्हता. ते सहज येतील अशी सर्वांची अटकळ होती. तो निकाल पाहून केटी विल्सन यांनीं पुढच्याच महिन्यांत उमेदवारी जाहीर केली. या बाईंनीं पूर्वीं कधीं कोणतेंही अधिकारपद भोगलें नव्हतें. २०११ च्या सुमारास बसनें प्रवास करणारांची एक संघटना त्यांनीं इतरांसह काढली, व शेजारच्या टकविला गांवांत किमान मजुरी वाढविण्याची मोहीम २०२२ सालीं यशस्वी केली, एवढीच त्यांची पुंजी.

नोव्हेंबरांत एकाच मतपत्रिकेवर दोन्ही जागा होत्या. कौन्सिलच्या अध्यक्ष नेल्सनबाई यांच्यासमोर, पूर्वीं शहराच्याच कचेरींत धोरणाचें काम केलेल्या डिओन फॉस्टर उभ्या होत्या. नेल्सनबाई मोठ्या फरकानें पडल्या. जातीच्या ठरावावरील मताचा व या पराभवाचा संबंध जोडणें बरोबर होणार नाहीं. घरभाडें व कर यांवरच ती लढत झाली. विल्सनबाईंचा निकाल मात्र बरेच दिवस लोंबकळत राहिला. त्या जिंकल्या सुमारें दोन हजार मतांनीं, आणि पहिल्या रात्रींच्या मोजणींत हॅरेल पुढें होते.